ग्राफिक्स ड्रायव्हर काढताना इंटरप्ट नेमका कोठे सोडायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पीसीआय एक्सप्रेसवर बसणाऱ्या एका एफपीजीए (आतली जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येणारी चिप) कार्डासाठी तुम्ही लिनक्सचा डिस्प्ले ड्रायव्हर लिहिला आहे. ड्रायव्हर व्यवस्थित चढतो, पडद्यावर चित्रही येते. पण चालू डेस्कटॉपखालून सिसफसमधल्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइलप्रणालीतल्या) अनबाइंड फाइलद्वारे तो कार्डापासून सोडवला, की दहांतून एकदा-दोनदा इंटरप्ट हँडलरमध्येच (कार्डाने सीपीयूला दिलेल्या हाकेला, म्हणजे इंटरप्टला, उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्येच) कर्नल कोसळतो. म्हणून तुम्ही फ्री_आयआरक्यू ही हँडलर काढून टाकणारी ओळ रिमूव्ह फंक्शनच्या, म्हणजे ड्रायव्हर सोडवताना चालणाऱ्या फंक्शनच्या, अगदी सुरुवातीला नेली. कोसळणे थांबले, परंतु आता अनबाइंड दहा-दहा सेकंद अडकते आणि लॉगमध्ये ‘फ्लिप_डन टाइम्ड आऊट’ असा संदेश दिसतो. तेव्हा ही ओळ आधी हवी की शेवटी, असे तुम्ही विचारता. (फंक्शनांची नावे मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहीत आहे, कर्नलच्या कोडमध्ये ती शोधायला अडचण येऊ नये.)

ती आधीही नको आणि शेवटीही नको. ती मध्ये कोठेतरी हवी. मात्र ‘मध्ये’ म्हणजे कोठे, हे दोन गोष्टींवरून ठरते: आपले काम संपवण्यासाठी ज्यांना इंटरप्ट लागतो असे कोण आहेत, आणि स्वतः इंटरप्ट हँडलरला चालण्यासाठी काय काय लागते. पहिल्या गटातले सगळे उरकल्याखेरीज हँडलर काढता येत नाही, आणि हँडलर काढल्याखेरीज दुसऱ्या गटातल्या कशालाही हात लावता येत नाही. पंगत उठेपर्यंत वाढप्याला घरी पाठवता येत नाही आणि वाढपी मांडवात फिरत असेपर्यंत पातेली घासायला टाकता येत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. तुम्ही पहिल्यांदा पातेली आधी उचललीत. नंतर वाढप्यालाच आधी घालवलेत, आणि आता पंगत ताटावर बसून आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचे कार्ड एमएसआय (मेमरीत लेखन करून पाठवलेला इंटरप्ट) वापरते की जुनी, अनेक कार्डांत सामायिक लाइन, त्यावर केवळ डिस्प्ले आहे की चित्र रेखाटणारे इंजिनही आहे, आणि ड्रायव्हर निघताना कार्ड जागेवर असते की कोणी केबल ओढून ते आधीच नेलेले असते, यांनुसार तपशील बदलतात. ज्या कारणांवरून क्रम ठरतो ती मात्र सगळीकडे सारखीच आहेत. आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो. आरएममॉडने, म्हणजे ड्रायव्हरचे मॉड्यूल कर्नलमधून उतरवणाऱ्या आज्ञेने, तुमचा हा दोष कदाचित कधीच दाखवला नसता, कारण डिस्प्लेची फाइल कोणीही उघडून ठेवलेली असेल तर आरएममॉड मॉड्यूल उतरवायलाच नकार देते. अनबाइंड असे काही विचारत नाही. म्हणून ड्रायव्हर खरोखर नीट उतरतो का हे पाहायचे असेल, तर अनबाइंडच वापरत जा. ते तुम्ही केले हे उत्तम झाले.

प्रथम कोसळण्याकडे जवळून पाहू. शून्य क्रमांकाच्या सीपीयूवर तुमचे रिमूव्ह फंक्शन चालू आहे आणि त्याने नुकतेच आयओअनमॅप केले आहे; म्हणजे कार्डाची रजिस्टरे कर्नलच्या ज्या पत्त्यावर दिसत होती तो पत्ता आता कोणाचाच नाही. नेमक्या त्याच वेळी कार्डाने व्हीब्लँकचा (पडद्यावर एक फ्रेम संपून दुसरी सुरू होण्यामधल्या विरामाचा) इंटरप्ट पाठवला आणि तो दोन क्रमांकाच्या सीपीयूने घेतला. हँडलरची पहिलीच ओळ स्टेटस रजिस्टर वाचण्याची आहे. ते वाचन अनमॅप झालेल्या पत्त्यावर जाते, पेज फॉल्ट होतो, आणि इंटरप्टमध्ये असलेल्या कर्नलला त्यातून सावरण्याचा मार्ग नसतो. दहांतून एकदा-दोनदाच असे का होते, तेही यातून कळते. साठ हर्ट्झच्या पडद्याचा व्हीब्लँक दर १६.७ मिलिसेकंदांनी येतो. आयओअनमॅप आणि फ्री_आयआरक्यू यांच्यामध्ये तुमचा कोड दोनेक मिलिसेकंद घालवत असेल, तर त्या फटीत व्हीब्लँक सापडण्याची शक्यता साधारण आठात एक एवढी येते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा लावा, तुमचा ‘अधूनमधून’ येणारा दोष जवळजवळ रोजचा होईल.

हीच फट एखाद्याला कोठेच दिसत नाही, कारण त्याने फ्री_आयआरक्यू लिहिलेलेच नसते. त्याने डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू वापरलेले असते आणि सोडण्याचे काम कर्नलवर टाकलेले असते. मला वाटते, तुमच्याही मूळ कोडमध्ये हेच असावे. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी कर्नल उलट्या क्रमाने सोडतो हे खरे, आणि तो उलटा क्रम बहुतेक वेळा बरोबरच असतो: रजिस्टरे आधी मॅप केली आणि इंटरप्ट नंतर मागितला, तर सुटताना इंटरप्ट आधी सुटतो. परंतु हे सगळे सोडणे रिमूव्ह फंक्शन परत आल्यानंतर सुरू होते. रिमूव्हच्या आत तुम्ही स्वतःच्या हाताने जे मोडता, म्हणजे केफ्री (मेमरी मुक्त) केलेली रचना, नष्ट केलेली वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग), हाताने केलेले आयओअनमॅप, त्या प्रत्येक वेळी इंटरप्ट अजून जिवंत असतो. त्यामुळे माझा नियम साधा आहे. एक तर सगळेच डेव्हएमवर सोपवावे आणि रिमूव्हमध्ये काहीही मुक्त करू नये, किंवा निदान इंटरप्ट तरी स्वतःच्या हाती ठेवावा. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये पहिला पर्याय फार थोड्यांना जमतो, कारण तिथे बंद करण्याच्या कामालाच इंटरप्ट लागतो. मी दुसराच निवडतो.

आता फ्री_आयआरक्यू नेमके काय हमी देते, ते पाहू. त्या क्षणी त्या इंटरप्टचा हँडलर दुसऱ्या कोणत्याही सीपीयूवर चालू असेल, तर तो संपेपर्यंत हे फंक्शन परत येत नाही. थ्रेडेड हँडलर असेल तर त्याचा थ्रेडही पूर्ण थांबलेला असतो. म्हणजे फ्री_आयआरक्यूच्या पुढच्या ओळीवर तुमचा हँडलर कोठेही चालू नाही आणि यापुढे चालणारही नाही, असे निःशंक धरून चालता येते. ड्रायव्हर उतरवताना एवढी पक्की गोष्ट दुसरी नाही, आणि म्हणूनच बाकी सगळा क्रम या ओळीच्या अलीकडे-पलीकडे रचायचा असतो. या हमीची किंमतही लक्षात ठेवा. फ्री_आयआरक्यू वाट पाहते, त्यामुळे हँडलर किंवा त्याचा थ्रेड जे लॉक घेतो ते हातात धरून तिला बोलावले, तर दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. इंटरप्टच्या संदर्भातून तर तिला बोलवायचेच नसते.

जी हमी ती देत नाही, ती अशी: कार्डाने इंटरप्ट पाठवणे थांबवले आहे की नाही, याच्याशी फ्री_आयआरक्यूला काही कर्तव्य नाही. सामायिक लाइन असेल तर आधी कार्डावरचा इंटरप्ट बंद करण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे, असे त्या फंक्शनच्या वर्णनातच म्हटलेले आहे. हे वाक्य मी माझ्या पहिल्या ड्रायव्हरच्या वेळी वाचले नव्हते. तेव्हाचे आमचे चाचणीचे यंत्र जुने होते आणि त्यात डिस्प्ले कार्ड व यूएसबी कंट्रोलर एकाच लाइनवर, सोळा क्रमांकावर, बसले होते. ड्रायव्हर उतरवला की काही क्षणांत कीबोर्ड मरत असे. दोन दिवस आम्ही कीबोर्ड बदलत राहिलो. शेवटी सीरियल कन्सोल लावला तेव्हा ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ हा संदेश दिसला. झाले होते असे, की माझ्या कार्डाने लाइन ओढून धरलेली होती, माझा हँडलर गेलेला होता, आणि यूएसबीचा हँडलर प्रामाणिकपणे ‘हा इंटरप्ट माझा नाही’ असे सांगत होता. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, की कर्नल ती लाइनच बंद करून टाकतो. अडकलेली लाइन एवढी संख्या पाहता पाहता गाठते, आणि माझ्या चुकीपायी शेजाऱ्याचा कीबोर्ड जातो.

एमएसआयमध्ये शेजाऱ्याचा प्रश्न उरत नाही, कारण तिथे प्रत्येक इंटरप्ट म्हणजे कार्डाने मेमरीत केलेले एक लेखन असते आणि तो क्रमांक तुमच्या एकट्याचा असतो. याच कारणाने कार्डाची बस मास्टर होण्याची, म्हणजे स्वतःहून मेमरीत लिहिण्या-वाचण्याची, परवानगी काढली, की एमएसआयही थांबतो. जुन्या लाइनवर मात्र त्या परवानगीचा काही परिणाम होत नाही. परंतु यावर विसंबून कार्डावरचा मास्क (इंटरप्ट बंद-चालू करणारे रजिस्टर) लिहिणे टाळू नये. पुढच्या वेळी ड्रायव्हर चढेल तेव्हा ते कार्ड मागच्या खेपेचा शिल्लक इंटरप्ट घेऊन तुमची वाट पाहत असेल, आणि प्रोबमधला (ड्रायव्हर चढताना चालणाऱ्या फंक्शनमधला) हँडलर अर्धवट भरलेल्या रचनेवर चालेल. एवढे मात्र ध्यानात असू द्या, की पीसीआय_फ्री_आयआरक्यू_व्हेक्टर्स ही ओळ फ्री_आयआरक्यूच्या नंतरच यायला हवी.

मास्क लिहिण्यातही एक बारीक खाच आहे. पीसीआय एक्सप्रेसवर लेखन ‘पोस्टेड’ असते; म्हणजे सीपीयूने ते सोडून दिले तरी ते कार्डापर्यंत पोचले आहे असे नव्हे, वाटेत कोठेतरी ते अजून असू शकते. म्हणून मास्क रजिस्टरमध्ये सगळे इंटरप्ट बंद असे लिहिल्यावर तेच रजिस्टर लगेच एकदा वाचावे. वाचन लेखनाला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे वाचलेले उत्तर हाती आले याचा अर्थ लेखन पोचले. मग साचलेले स्टेटस पुसावे, आणि त्यानंतर फ्री_आयआरक्यू. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये अशा निव्वळ पोचवण्यासाठी केलेल्या वाचनाला पोस्टिंग रीड असे वेगळे नावच आहे. वाचलेली किंमत कोणी वापरत नाही. नव्या माणसाला ती ओळ निरुपयोगी वाटते आणि साफसफाईत तो ती उडवतो. असे मी दोनदा पाहिले आहे; तेव्हापासून त्या ओळीवर मी टिप्पणी लिहून ठेवतो.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ, म्हणजे तुमच्या दहा सेकंदांकडे. अनबाइंडच्या क्षणी डेस्कटॉपने एक पेज फ्लिप (पडद्यावर पुढची फ्रेम आणण्याची विनंती) दिलेला असतो. तो पूर्ण झाला हे ड्रायव्हरला कळते व्हीब्लँकच्या इंटरप्टमधून. तुम्ही इंटरप्ट आधीच काढून टाकलात, त्यामुळे तो फ्लिप कायमचा अपूर्ण राहिला. मग डीआरएमचे (कर्नलमधल्या ग्राफिक्स व्यवस्थेचे) डीआरएम_ॲटॉमिक_हेल्पर_शटडाउन पडदा बंद करायला निघाले, तेव्हा आधीचे काम संपल्याखेरीज नवे सुरू करता येत नाही म्हणून ते थांबले, आणि त्या थांबण्याची मर्यादा दहा सेकंद आहे. दोन पडदे असतील तर आणखी जास्त. ही मर्यादा कमी करून प्रश्न सुटत नाही. शटडाउन हाच इंटरप्टचा ग्राहक आहे, त्यामुळे तो चालू असताना इंटरप्ट जिवंत हवा. पडदा बंद करण्याच्या तुमच्या स्वतःच्या फंक्शनमध्ये शेवटची फ्रेम संपल्याची वाट पाहणारे एखादे कम्प्लीशन असेल, तर त्यालाही हेच लागू आहे. त्याच फंक्शनमध्ये डीआरएम_सीआरटीसी_व्हीब्लँक_ऑफ बोलावले आहे ना, हे तपासा. ते व्हीब्लँक बंद करते, ताटकळलेल्यांना उठवते आणि उरलेले इव्हेंट पाठवून टाकते. ते विसरले तर आणखी एक गंमत होते: कोणी वापरत नसलेला व्हीब्लँक इंटरप्ट बंद करण्यासाठी डीआरएमने एक टाइमर लावलेला असतो, त्याची ठरलेली मुदत पाच सेकंद आहे, आणि तो टाइमर तुमच्या रजिस्टरला हात लावतो. पाच सेकंदांनी उशिरा येणारा ऊप्स (कर्नल कोसळल्याचा अहवाल) कोणत्या ओळीमुळे आला, हे शोधायला अख्खा दिवस जातो.

कोणी जुने उदाहरण पाहून लिहीत असेल, तर इथे आणखी एक अडचण आहे. पूर्वी डीआरएम_आयआरक्यू_इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉल अशी मदतनीस फंक्शने होती. २०२१ मध्ये ड्रायव्हर एकेक करून त्यांच्यावरून थेट रिक्वेस्ट_आयआरक्यूवर आणले गेले. त्यातले अनइन्स्टॉल व्हीब्लँकची वाट पाहणाऱ्यांना जाता जाता उठवून देत असे. फ्री_आयआरक्यू हे करत नाही. त्यामुळे जुन्या कोडमध्ये केवळ नाव बदलून काम भागत नाही.

कार्डावर रेखाटणारे इंजिन असेल तर दुसरा ग्राहक येतो, तो म्हणजे फेन्स (इंजिनला दिलेले काम पूर्ण झाल्याची खूण). प्रत्येक कामाचा फेन्स कार्डाच्या इंटरप्टवर पूर्ण होतो, आणि त्याची वाट पाहणारा केवळ तुमचाच ड्रायव्हर असतो असे नाही. बफर वाटून घेणारा दुसरा ड्रायव्हरही असतो. अपूर्ण फेन्स मागे ठेवून गेलात, तर दोष तुमचा असून अडकणारे यंत्र मात्र तिसऱ्याचे असते. म्हणून नवी कामे घेणे थांबवावे, चालू कामांना थोडा वेळ द्यावा, आणि तरीही जे फेन्स उरतील ते त्रुटीची नोंद करून स्वतः पूर्ण करावेत. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये अशा जबरदस्तीने पूर्ण करण्यासाठी खास फंक्शन आहे, आणि कार्ड प्रतिसाद देत नसेल तेव्हा तेच वापरले जाते.

फ्री_आयआरक्यूच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे हँडलर गेल्यावर मोडायच्या गोष्टींत, वर्क (नंतर करण्यासाठी रांगेत लावलेले काम) आणि टाइमर यांचा गुंता सर्वांत मोठा आहे. हँडलर बहुतेक काम स्वतः करत नाही. तो हॉटप्लगसाठी (मॉनिटर जोडला-काढला गेल्यावर) एखादे वर्क लावतो आणि निघून जातो. तेव्हा कॅन्सल_वर्क_सिंक (वर्क रद्द करणारे फंक्शन) आधी केले आणि हँडलर नंतर काढला, तर मधल्या वेळात हँडलर तेच वर्क पुन्हा लावून मोकळा होतो. म्हणून आधी इंटरप्ट, मग वर्क. इथपर्यंत सरळ आहे. परंतु काही वर्क उलट दिशेने इंटरप्टला हात लावतात. आय९१५ मधले उदाहरण घ्या. एखाद्या खराब केबलमुळे हॉटप्लगच्या इंटरप्टांचा भडिमार सुरू झाला, तर तो ड्रायव्हर त्या पोर्टचा इंटरप्ट बंद करतो, काही काळ पोर्टला स्वतःच विचारत राहतो, आणि दोन मिनिटांनी इंटरप्ट पुन्हा चालू करण्यासाठी एक विलंबित वर्क लावून ठेवतो. त्या दोन मिनिटांत कोणी ड्रायव्हर उतरवला, तर? तुम्ही मास्क लिहिलात, वाचून खात्री केलीत, आणि त्यानंतर हे वर्क जागे होऊन त्याने मास्क परत उघडला. अडकलेले काम पाहून कार्ड रीसेट करणारा टाइमआऊटचा कोडही असेच करतो, कारण रीसेटनंतर इंटरप्ट चालू करणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

वर्क आधी की इंटरप्ट आधी, असा हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न केवळ क्रम बदलून सुटत नाही. त्यासाठी एक झेंडा लागतो. मी ड्रायव्हरच्या रचनेत ‘इंटरप्ट चालू आहेत’ असा एक बूलियन ठेवतो आणि मास्क रजिस्टर ज्या स्पिनलॉकखाली लिहिले जाते त्याच लॉकखाली तो वाचतो व बदलतो. मास्क उघडणाऱ्या प्रत्येक फंक्शनने आधी तो पाहायचा आणि खाली असेल तर मुकाट्याने परत फिरायचे. रिमूव्हमध्ये लॉक घेऊन झेंडा खाली करायचा, मास्क लिहायचा, वाचायचा, लॉक सोडायचा, आणि मग फ्री_आयआरक्यू. यानंतर कोणतेही वर्क जागे झाले तरी त्याला इंटरप्ट उघडता येत नाही, आणि हँडलर नसल्यामुळे कोणते वर्क नव्याने लागतही नाही. आता कॅन्सल_वर्क_सिंक आणि कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक निर्धास्तपणे बोलावता येतात. हँडलरच्या पहिल्या ओळीतही हाच झेंडा पाहून ‘माझा नाही’ असे उत्तर द्यावे. सामायिक लाइनवर ते विशेष उपयोगी पडते. स्वतःला पुन्हा लावून घेणाऱ्या टाइमरसाठी नव्या कर्नलमध्ये टाइमर_शटडाउन_सिंक आहे. त्यानंतर तो टाइमर कोणी लावायचा प्रयत्न केला तरी लागत नाही.

आतापर्यंतचे एकत्र मांडले तर तुमच्या रिमूव्हचा क्रम असा होईल. आधी बाहेरून येणारी नवी कामे बंद. म्हणजे डीआरएममधून नोंदणी काढणे. मग इंटरप्ट चालू असतानाच पडदे बंद करणे आणि फेन्स निकालात काढणे. मग झेंडा, मास्क आणि वाचन. मग फ्री_आयआरक्यू. त्यानंतर वर्क व टाइमर, मग एमएसआय आणि बस मास्टरची परवानगी, आणि सर्वांत शेवटी रजिस्टरांचे मॅपिंग. ड्रायव्हरची मुख्य रचना मात्र इथेही मुक्त करू नका. डेस्कटॉपने फाइल उघडी ठेवली आहे, आणि ती बंद होईल तेव्हा डीआरएमला ती रचना लागणार आहे. डेव्हएम_डीआरएम_डेव्ह_ॲलॉकने ती घेतली असेल तर शेवटचा वापरकर्ता गेल्यावर ती आपोआप सुटते. आय९१५ मध्ये डिस्प्ले बंद करण्याचे फंक्शन मुद्दाम तुकड्यांत मोडले आहे, आणि इंटरप्ट गेल्यानंतरच्या तुकड्याच्या नावातच ‘नो आयआरक्यू’ असे आहे. मला ही पद्धत आवडते. नावच असे असले, की त्यात व्हीब्लँकची वाट पाहणारी ओळ घालायला हात धजावत नाही.

नोंदणी काढण्यासाठी डीआरएम_डेव्ह_अनरजिस्टर वापरावे की डीआरएम_डेव्ह_अनप्लग, हा प्रश्न तुम्हाला पुढे पडेलच. कार्ड खरोखर उपटले जाऊ शकत असेल तर अनप्लग हवे. ते कार्ड गेल्याची खूण करते आणि डीआरएम_डेव्ह_एंटरच्या आत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत थांबते. यानंतर त्या कुंपणाच्या आतला कोड चालतच नाही. परंतु याची दुसरी बाजू अशी, की कार्ड जागेवर असताना साधे अनबाइंड केले तरीही ते कुंपण बंद होते, आणि पडदा बंद करणारा कोड कुंपणाच्या आत असेल तर तोही टाळला जातो. कार्ड चालूच राहते, इंटरप्टही पाठवत राहते. म्हणून मास्क लिहिणारा तुकडा मी या कुंपणाच्या बाहेर ठेवतो. कार्ड नसेल तर ते लेखन हवेत विरते, त्याने नुकसान होत नाही.

कार्ड नसताना वाचनाने मात्र नुकसान होते. उपटलेल्या कार्डाचे रजिस्टर वाचले तर साधारणपणे सगळे बत्तीस बिट एक असे उत्तर येते. ज्या हँडलरमध्ये ‘स्टेटस शून्य होईपर्यंत फिरत राहा’ असे चक्र आहे, त्याला ते कधीच शून्य मिळत नाही, आणि तो सीपीयू तिथेच गुंतून पडतो. मग फ्री_आयआरक्यूही त्याची वाट पाहत बसते. त्यामुळे स्टेटस वाचल्याबरोबर, प्रत्येक फेरीत, सगळे बिट एक आहेत का हे पाहून तसे असल्यास लगेच बाहेर पडावे. झोपवलेल्या कार्डाबाबतही अशीच गत होते. पीसीआयची बस रिमूव्ह बोलावण्यापूर्वी कार्डाला रनटाइम पीएममधून (वीज वाचवण्यासाठी दिलेल्या झोपेतून) जागे करते. प्लॅटफॉर्म बसवर, म्हणजे बहुतेक एआरएम चिपांवर, ते तुम्हालाच करावे लागते. तिथे घड्याळ बंद असलेल्या ब्लॉकचे रजिस्टर वाचले, तर काही चिपांवर सबंध यंत्रच गोठते.

चाचणी कशी करावी याबद्दल थोडे सांगतो, कारण दहांतून एकदा येणारा दोष गेला की लपला, हे दहा वेळा अनबाइंड करून कळत नाही. कर्नल बांधताना कॉन्फिग_डिबग_एसएचआयआरक्यू आणि केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) चालू करा, आणि चाचणीपुरता रिक्वेस्ट_आयआरक्यूला सामायिक लाइनचा ध्वज द्या, एमएसआय असला तरीही. यातल्या पहिल्या पर्यायाने कर्नल फ्री_आयआरक्यूच्या आत तुमचा हँडलर मुद्दाम एकदा जास्तीचा चालवतो. म्हणजे व्हीब्लँक त्या दोन मिलिसेकंदांच्या फटीत सापडेपर्यंत थांबायला नको; क्रम चुकलेला असेल तर पहिल्याच खेपेला ऊप्स येतो. डेव्हएमचा दोष तर याने हमखास पकडला जातो. त्यानंतर बांधणे-सोडवणे शे-दोनशे वेळा करणारी एक स्क्रिप्ट लिहा, पडद्यावर सतत फ्लिप करणारा एखादा कार्यक्रम चालू ठेवा, आणि प्रत्येक खेपेत शून्य ते सतरा मिलिसेकंदांचा यादृच्छिक विराम घाला. नाहीतर स्क्रिप्ट आणि व्हीब्लँक यांचा ताल जुळतो आणि तुम्ही दोनशे वेळा तीच एक वेळ तपासत राहता. सिसफसमधली रिमूव्ह ही फाइल म्हणजे केबल उपटण्याची नक्कल नव्हे. तिच्यात कार्ड जागेवरच असते आणि बरोबर उत्तरे देत असते.

एवढे करूनही ऊप्स आलाच, तर क्रमातली कोणती जोडी उलटी आहे हे त्याच्याच मजकुरात असते. दोष देणारा पत्ता आयओरीमॅपच्या (रजिस्टरे मॅप करण्याच्या) टापूतला असेल, तर मॅपिंग आधी गेले आहे. पत्त्यात किंवा रजिस्टरांत ६बी ६बी अशी पुनरावृत्ती दिसली, तर ती मुक्त केलेल्या मेमरीत स्लॅबच्या तपासणीने भरलेली खूण आहे. म्हणजे रचना आधी मुक्त झाली. आणि चालवायच्या सूचनेचा (इन्स्ट्रक्शनचा) स्वतःचाच पत्ता सापडत नसेल, शेजारी ‘लास्ट अनलोडेड’मध्ये तुमच्या मॉड्यूलचे नाव असेल, तर कोठेतरी एक वर्क किंवा टाइमर रद्द करायचा राहिला आहे. मी पैज लावायची झाली तर तुमच्या ड्रायव्हरमध्ये तो हॉटप्लगचा असेल.